रामरक्षेत दात नाहीत

दातांच्या डॉक्टरकडे जायची भीती किती वाटते हे मोजायला एक प्रश्नपत्रिका आहे. नॉर्मन कोराह या अमेरिकी संशोधकानं ती १९६९ साली काढली. उद्या दातांच्या डॉक्टरकडे जायचंय, कसं वाटतंय? बाहेर नंबराची वाट बघत बसला आहात, आता कसं वाटतंय? खुर्चीत बसलात, डॉक्टर मशीन जुळवतायत, आता? दात साफ करायची हत्यारं बाहेर काढतायत, आता? एवढे चारच प्रश्न. पुढे १९९५ मध्ये ब्रिटनमधल्या हम्फ्रिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की या पेपरात इंजेक्शनच नाही. त्यांनी हिरडीत सुई टोचण्याचा पाचवा प्रश्न घातला. प्रत्येक प्रश्नाला पाचपैकी गुण, एकूण पंचवीस. एकोणीस किंवा त्याहून जास्त पडले तर तुमची भीती विशेष प्रावीण्यात धरतात. मला एकवीस पडले.

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. पेपर काढण्यात आणि तपासण्यात माझी हयात चालली आहे, त्यामुळे कुठलीही प्रश्नपत्रिका हाती आली की मी आधी तिच्यातल्या त्रुटी शोधते. इथं पहिलीच त्रुटी अशी की ज्याला भीतीचा लवलेशही नाही त्यालाही पाच गुण मिळतातच, कारण ‘अजिबात नाही’ या उत्तरालाही एक गुण आहे. इतके सढळ हाताचे परीक्षक आमच्या बोर्डात असते तर निकालाच्या दिवशी पेढे कमी पडले असते. पण खरी तक्रार वेगळीच आहे. निम्मा अभ्यासक्रमच गाळलाय. नणंदेचा फोन आला आहे, कसं वाटतंय? शेजारच्या काकू ‘कुठली दाढ? वरची का खालची?’ असं विचारून मान हलवत निघून गेल्या, आता कसं वाटतंय? हे प्रश्न कुठे आहेत? कोराहसाहेबांना नातेवाईक नसावेत.

आपल्याकडे म्हणतात, दात आहेत तर चणे नाहीत. माझ्याकडे सुदैवानं दोन्ही होतं आणि एका संध्याकाळी एकानं दुसऱ्याचा तुकडा पाडला. दाढ आतून किडलेलीच होती, चणा निमित्त झाला. पहिले दोन दिवस लवंग धरली. मग पेरूचा कोवळा पाला चावला, तुरटीच्या गुळण्या केल्या. सासूबाईंनी त्यांच्या माहेरच्या गावी भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतला किडा कसा बाहेर पाडत असत, याचं साग्रसंगीत वर्णन केलं. बाहेर पडलेला किडा वाटीतल्या पाण्यात वळवळताना त्यांनी स्वतः पाहिला होता म्हणे. दातात किडा नसतोच, हे पिएर फोशार नावाच्या फ्रेंच दंतवैद्यानं १७२८ सालच्या ग्रंथात सांगून ठेवलंय, असं मी म्हणाले. त्या म्हणाल्या, “तो कधी आला होता आमच्या गावाला?”

शेवटी गंगापूर रोडवरच्या एका दवाखान्यात अपॉइंटमेंट घेतली आणि फोन ठेवताक्षणी दाढ दुखायची थांबली. हा अनुभव सगळ्यांचाच आहे, त्यावर अधिक बोलत नाही. मला नवल वाटलं ते घरच्यांचं. ऑपरेशन म्हटलं की माणसं दबक्या आवाजात बोलतात, डबा आणू का विचारतात. दात म्हटला की सगळे एका सुरात ‘हात्तिच्या, त्यात काय एवढं!’ म्हणतात आणि लगेच कुणाचा तरी जबडा सुजलेला किस्सा सुरू करतात. नणंदेच्या ऑफिसातल्या बाईंचं तोंड तीन आठवडे उघडत नव्हतं. आमच्या ह्यांच्या मावसभावाच्या सासऱ्यांची चांगली दाढ काढली, किडकी तशीच राहिली. आणि काकू मान हलवत का गेल्या ते दुसऱ्या दिवशी कळलं: वरची दाढ काढली की नजर जाते. हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. सांगणाऱ्यांमध्ये शिकलेली माणसंही भरपूर, आणि त्यातल्या बहुतेकांना चष्मा. दिसतं ते डोळ्यामागच्या वेगळ्या मज्जातंतूमुळे, वरच्या दातांची संवेदना नेणारा तंतू वेगळा, दोघांचा एकमेकांशी व्यवहार नाही. ज्यांची दाढ काढायची वेळ येते त्यांना चाळिशी लागायचीही तीच वेळ असते, एवढंच. पण काकूंसमोर शरीरशास्त्र टिकत नाही. दात साफ करून घेतले की हलायला लागतात, हा त्यांचाच दुसरा सिद्धांत. साचलेलं कीटण निघालं की दातांमधल्या फटी जिभेला नव्यानं लागतात आणि माणसाला वाटतं डॉक्टरनं दात मोकळे केले. ‘डॉक्टरनंच तर केले!’ असं त्यावर काकू म्हणतात.

भीतीचं पहिलं लक्षण म्हणजे सबबी सुचू लागतात. आमच्याकडे मुलांचे रजेचे अर्ज येतात, त्यातल्या वाङ्मयाशी माझा चांगला परिचय आहे. घरी पाहुणे आले, गावाला जावं लागलं, पोटात दुखत होतं. दवाखान्यात फोन करून अपॉइंटमेंट पुढे ढकलताना माझ्या तोंडून नेमके हेच प्रकार त्याच क्रमानं बाहेर पडले, तेव्हा पलीकडची मुलगी अगदी समजुतीच्या सुरात “हो मॅडम, होतं असं” म्हणाली. तो सूर मी ओळखते. मीही सातवी ‘ब’शी असंच बोलते.

मग ती रात्र आली. उद्याची अपॉइंटमेंट आता हलणार नव्हती. दोन वाजता जाग आली तेव्हा छाती धडधडत होती, तळहात ओले होते आणि ओठांना मुंग्या येत होत्या. इंजेक्शन अजून दिलंच नव्हतं आणि ओठ बधिर! हा काय प्रकार आहे ते मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो, त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मग बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात. मुंग्या आल्या की माणूस आणखी घाबरतो आणि आणखी भराभर श्वास घेतो. उपाय साधा आहे: श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावायचा. चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर. लाट काही मिनिटांत ओसरते. पण रात्री दोनला हे सांगायला डॉक्टर नव्हते, हे होते. यांनी कूस बदलत एवढंच सांगितलं, “रामरक्षा म्हण.”

म्हटली. आणि सांगायची गोष्ट अशी की उपयोग झाला. श्लोक म्हणताना माणूस श्वास सोडतच असतो, एक चरण संपेपर्यंत घेता येत नाही. रामरक्षा रचणाऱ्या बुधकौशिक ऋषींनी कार्बन डायऑक्साइडचा विचार केला नसेल, पण काम तेच होतं. धडधड कमी झाली. नुसतं तोंडपाठ म्हणताना जिकडे लक्ष जात नाही तिकडे मग लक्ष जाऊ लागलं. रामरक्षेत एकेका अवयवाचं रक्षण रामाच्या एकेका नावाकडे सोपवलेलं आहे. डोकं, कपाळ, डोळे, कान, नाक, मुख, जीभ, आणि मग एकदम कंठ. मी थांबले. पुन्हा मागून आले. मुख, जीभ, कंठ. पुढे खांदे, हात, हृदय, नाभी, कंबर, मांड्या, गुडघे, पोटऱ्या, पाय. गुडघे आहेत, पोटऱ्यासुद्धा आहेत. दात नाहीत. जिभेवरून थेट घशात उतरताना वाटेतल्या बत्तीस जणांची साधी दखल नाही!

मी यांना हलवून उठवलं. “अहो, रामरक्षेत दात नाहीत.”

“मेडिक्लेममध्येपण नाहीत,” हे म्हणाले आणि परत झोपले.

खरं आहे ते. विम्याच्या कागदात हृदय आहे, गुडघे आहेत, मोतीबिंदू आहे. दात साधारणपणे तेव्हाच धरतात जेव्हा ते अपघातात पडतात. आपसूक किडलेल्या दाताची जबाबदारी इहलोकी कुणी घेत नाही आणि परलोकाचीही यादी त्याच बेतानं केलेली दिसली. सकाळी सासूबाईंपुढे हा मुद्दा मांडला. त्यांनी हातातली परात खाली ठेवली. “पाय झाल्यावर काय आहे? पुढे म्हण. अखिल वपु. अख्खं शरीर आलं त्यात. तू पायापाशीच थांबलीस का?” मी निरुत्तर झाले. एवढी सोय विम्यात नसते. तिथं शेवटच्या पानावर न मिळणाऱ्या गोष्टींचीच यादी असते.

त्या रात्री मधल्या वेळात, म्हणजे अडीच ते साडेचार, मी मोबाइलवर दंतवैद्यकाचा इतिहास वाचून काढला. इतिहासाच्या शिक्षिकेची भीती अशीच बाहेर पडते. डिसेंबर १८४४ मध्ये अमेरिकेत हार्टफर्डला होरॅस वेल्स नावाचा दंतवैद्य लाफिंग गॅसचा खेळ बघायला गेला. काही लोकांनी गॅस हुंगून वेडेचाळे करायचे आणि बाकीच्यांनी ते बघायचे, अशी ती करमणूक. गॅस घेतलेल्या एकाच्या पायाला चांगलंच लागलं, पण त्याला पत्ताच नव्हता. वेल्सनं हे पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी गॅस घेऊन स्वतःची दाढ काढवून घेतली. पुढच्या महिन्यात बोस्टनला मोठ्या डॉक्टरांसमोर त्यानं प्रयोग करून दाखवला, तर नेमका रोगी ओरडला आणि वेल्सची हुर्यो उडाली. नंतर १६ ऑक्टोबर १८४६ ला त्याच बोस्टनमध्ये त्याचा जुना भागीदार मॉर्टन यानं रोग्याला ईथर दिलं आणि शस्त्रक्रिया यशस्वी झाली. मॉर्टनही दातवालाच. म्हणजे ऑपरेशनच्या टेबलावर आज आपण जे निवांत झोपतो ती सोय जगापुढे आणली दातवाल्यांनी. आणि सर्जनपुढे मुकाट पोट पुढे करणारे आपण घाबरतो ते दातवाल्याला! इतिहासात कृतघ्नतेची उदाहरणं पुष्कळ आहेत, हे पुस्तकात घ्यायला हरकत नाही.

आज हिरडीत देतात त्या लिग्नोकेनचा शोधही वाचला. स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनी ते १९४३ मध्ये तयार केलं आणि त्यांचा तरुण सहकारी लुंडक्विस्ट यानं ते स्वतःलाच टोचून पाहिलं. एवढं सगळं वाचून मला शांत वाटायला हवं होतं. पण घाबरलेल्या माणसाला माहिती पुरवली की तो सनावळीसकट घाबरतो.

दवाखान्याच्या दारात ‘पादत्राणे बाहेर काढावीत’ अशी पाटी होती. यामागे स्वच्छता असेल, मला डाव वाटला. अनवाणी माणूस पळून जाऊन कितीसा लांब जाणार? आत थंडगार हवा, माशांची पेटी, प्लास्टरचा एक जबडा, आणि भिंतीवर इतके शुभ्र दात दाखवून हसणारं कुटुंब की त्यांना इथं यायचं कारणच नव्हतं. आणि तो वास. दातांच्या दवाखान्याचा वास म्हणून आपण जो ओळखतो तो बराचसा लवंगेचा असतो. तात्पुरतं सिमेंट भरतात त्यात युजेनॉल असतं, लवंगेच्या तेलातलं मुख्य द्रव्य तेच. म्हणजे मी घरी दोन दिवस दाढेखाली धरून बसले होते तेच औषध इथं बाटलीत होतं. पण हाच वास मसालेभाताच्या पातेल्यातून आला की भूक लागते आणि इथं आला की पोटात गोळा येतो. नाकाला बिचाऱ्याला काय कळतं, त्याला जागा बघून वागावं लागतं.

या दालनात मला आपल्या समाजाचं एक दुर्मीळ दर्शन घडलं. एसटीत, रेशनच्या दुकानात, देवळाच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत पुढे घुसणारी आपण माणसं. इथं मात्र कमालीचं औदार्य. “तुमचं होऊन जाऊ द्या, मला काही घाई नाही.” “छे छे, तुम्ही आधी आला होतात.” “तसं नाही, तुमच्याबरोबर लहान मूल आहे.” ते लहान मूल चौदा वर्षांचं होतं. एका गृहस्थांनी तर आपला नंबर दोन वेळा दान केला आणि तिसऱ्यांदा नाव पुकारल्यावर ते फोनवर कुणाशी तरी महत्त्वाचं बोलत जिन्यात निघून गेले. त्यांच्या चपला अजून बाहेरच होत्या, एवढं मला आठवतं.

डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी खुर्ची मागे केली, दिवा डोळ्यांवर आला आणि माझ्या लक्षात आलं की मला दुखण्याची एवढी भीती नाहीच. दोन बाळंतपणं झाली आहेत. मला भीती आहे ती तोंड उघडं असून बोलता न येण्याची. गेली पंचवीसेक वर्षं माझा दिवस बोलण्यात जातो. वर्ग माझा, खडू माझा, थांबायचं कधी ते मी ठरवते. इथं तोंडात कापसाचे बोळे, थुंकी ओढणारी नळी, वर दोन हात, आणि अशा वेळी या बायका विचारणार, “मुलगी कुठं असते सध्या? लग्नाचं बघताय का?” यावर स्वरांखेरीज काही उच्चारता येत नाही. “आँ” म्हणजे पुण्याला, “आँ आँ” म्हणजे अजून नाही, हे त्यांना बरोबर कळतं. कॉलेजात बहुधा शिकवत असावेत.

पण काही घालायच्या आधी डॉक्टर म्हणाल्या, “मॅडम, मध्येच काही वाटलं, दुखलं, नुसता दम घ्यावासा वाटला, तरी डावा हात वर करा. मी लगेच थांबेन.”

हात वर करा! कितीतरी पिढ्यांना मी हेच सांगत आले. मध्ये बोलायचं नाही, हात वर करायचा. आणि किती वेळा हात वर दिसूनही फळ्याकडे वळले, ते त्या खुर्चीत आडवं पडल्यावर मला आठवलं. तेव्हा पहिल्याच मिनिटाला, काहीही दुखत नसताना, मी हात वर केला. डॉक्टर खरंच थांबल्या. सगळं बाहेर काढलं. “काय झालं?” “काही नाही,” मी म्हणाले, “बघत होते.” त्या हसल्या. बहुतेक लोक असंच करतात म्हणाल्या, त्या हिशेबानं वेळ धरलेला असतो. थोड्या वेळानं मी पुन्हा एकदा खात्री करून घेतली. त्यानंतर छातीतला ठोका जरा जागेवर आला. लिग्नोकेनच्या शोधानं जे झालं नव्हतं ते एवढ्यानं झालं.

इंजेक्शनच्या आधी हिरडीला गोडसर जेल लावलं. सुई टोचली त्यापेक्षा जास्त जोरात मी खुर्चीचा हात धरला होता. मिनिटभरात छाती पुन्हा धडधडायला लागली. पण हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं: त्या औषधात किंचित ॲड्रेनालिन असतं, रक्तवाहिन्या आवळून बधिरपणा टिकावा म्हणून. त्यानं थोडा वेळ धडधडतं. म्हणजे माझ्या घरच्या भीतीत जे रसायन होतं तेच आता बाहेरून आणखी मिळालं. फरक इतकाच की कुणी आधी सांगितलेली धडधड नुसती धडधड असते, तिला पुढे गोष्ट चिकटत नाही.

एक्स-रेची पट्टी घशाशी टेकली तशी उमाळी आली. डॉक्टर म्हणाल्या, “उजवा पाय वर उचला आणि बोटं हलवत राहा.” मला वाटलं चेष्टा करतायत. पण लक्ष पायाकडे गेलं की घसा आपलं काम विसरतो. तर डावा हात खबरदारी म्हणून वर, उजवा पाय उमाळीसाठी वर, तोंड उघडं, अशी मी आडव्या नटराजासारखी पडून होते, तेव्हा तपासणीच्या खोलीचं दार उघडून मघाचे ते जिन्यातले गृहस्थ आत डोकावले. मला बघून त्यांनी दार हळूच लावलं.

मग एअरोटर. हे हवेवर चालणारं यंत्र १९५७ मध्ये आलं. मिनिटाला तीन लाखांच्या वर फेरे. त्याआधीची यंत्रं सावकाश फिरत आणि डोकं हादरवत, काही तर शिवणयंत्रासारखी पायानं चालवायची होती. नव्या यंत्रात हादरा गेला, किंचाळी आली. त्यावर उपाय म्हणून मुलीनं कानात घालायची बटणं पाठवली होती. मी त्यात भीमसेनांचे अभंग लावले. चूक निवड नव्हती, पण त्यांनी तार षड्ज लावला की एअरोटर बरोबर त्याच्या शेजारी येऊन उभं राहायचं. दुखलं म्हणाल तर नाही. दुखेल दुखेल म्हणून मी वाट बघत राहिले, तेवढ्यात डॉक्टर म्हणाल्या, “नस काढली. गुळणी करा.”

गुळणी अर्धी तोंडात, अर्धी हनुवटीवरून. ओठ कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा लोंबत होता. तशाच बोबड्या उच्चारांत मी विचारलं, “तुमचे दात कोण बघतं हो?”

“आमच्याच बॅचची एक मैत्रीण आहे नाशिक रोडला,” हातमोजे काढत त्या म्हणाल्या. “तिच्याकडे जायचं म्हणजे मला आदल्या रात्री झोप नाही. सगळं माहिती असतं ना, कुठल्या टप्प्यावर काय होऊ शकतं ते.”

“मग? हात वर करता?”

“मी तर तोंड उघडायच्या आधीच करते.”